आधी कौशल्य ओळखा, मग सराव आखा: शाळेच्या आणि गावच्या मैदानासाठी

सरावात सगळे जमते आणि सामन्यात काहीच उतरत नाही, ही तक्रार गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडून ऐकायला मिळेल. खापर मुलांवर फुटते: लक्ष नाही, घाबरतात, सगळा वेळ मोबाइलवर. बहुतेक वेळा गडबड क्रमात असते. आधी ड्रिल ठरते, आणि ते नेमक्या कोणत्या कौशल्यासाठी हा विचार नंतर होतो, किंवा होतच नाही. यूट्यूबवर पाहिलेले शंकूंचे ड्रिल सोमवारी मैदानात येते, मुले शंकूंमधून सुरेख चेंडू काढतात आणि शनिवारच्या सामन्यात पहिल्याच बचावपटूला चेंडू देऊन मोकळी होतात. शंकू मध्ये पाय घालत नाही, हे कोणी लक्षातच घेतलेले नसते.

हा लेख शाळेतल्या शिक्षकांसाठी, संध्याकाळी गावच्या मैदानावर मुलांना खेळवणाऱ्या दादांसाठी आणि मुलीला बॅडमिंटनला नेऊन स्वतःच शटल टाकत बसणाऱ्या पालकांसाठी आहे. टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळला तर पुढचा लंगडा पडतो.

## तयारी: मैदानात उतरण्याआधी

एक साधी वही घ्या. एका कौशल्याला एक पान. पानावर पाच गोष्टी: कौशल्य एका वाक्यात, त्याचे वर्गीकरण, मुले कुठल्या पायरीवर आहेत, सराव काय केला, परीक्षेचे आकडे. फोनमध्ये लिहिले तरी चालेल, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि पावसात फोन बाहेर काढवत नाही.

साहित्य मुलांच्या मापाचे हवे. फुटबॉल साधारण आठ वर्षांखाली ३ नंबरचा, आठ ते बारा वर्षांना ४ नंबरचा आणि त्यापुढे ५ नंबरचा. पाचवीतल्या मुलापुढे ५ नंबरचा चेंडू ठेवला की तो पायाच्या आतल्या बाजूने ढकलत नाही, बोटांच्या टोकाने ठोसतो. मग ती सवय काढण्यात पुढचे वर्ष जाते. व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसला नवख्यांना नऊ मीटरवर उभे करू नका. सहा मीटरवरून सुरू करा, जाळी खाली घ्या.

चेंडू कमी असतील तर गट लहान करा, रांग लांब करू नका. वीस मुले, एक चेंडू आणि एक रांग असा सराव म्हणजे एकोणीस जणांचा उभे राहण्याचा सराव.

मैदानाचीही नोंद ठेवा. तांबड्या कडक मातीवर चेंडू उसळतो, भातकापणीनंतरच्या मळ्यात तो धसकटांना लागून वाट बदलतो, कृत्रिम हिरवळीवर वेगात सरळ घसरत जातो. एकीकडे मोजलेले आकडे दुसरीकडच्या आकड्यांशी ताडून पाहायचे नाहीत.

शेवटची तयारी म्हणजे पूर्वपरीक्षा. काहीही शिकवण्याआधी प्रत्येकाला त्या कौशल्याचे दहा प्रयत्न द्या. नुसते 'जमले-नाही जमले' असे लिहू नका. लक्ष्याच्या मधोमध ३, कडेला २, बाहेर पण जवळ १, भलतीकडे ०, असे गुण द्या. तोंडाने एक शब्दही सुचवायचा नाही.

सावध: पूर्वपरीक्षा घेताना 'अरे, कोपर वर!' हे आपसूक तोंडून निघते. तसे झाले तर त्या मुलाचे उरलेले प्रयत्न धरू नका.

## टप्पा १: कौशल्य एका वाक्यात लिहा

'पासिंग' हे प्रकरणाचे नाव झाले. 'दहा मीटरवर पळणाऱ्या सोबत्याच्या पुढच्या पायात, बाजूने प्रतिस्पर्धी येत असताना, जमिनीलगत पायाच्या आतल्या बाजूने दिलेला पास' हे कौशल्य झाले. वाक्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: परिणाम काय हवा, तो कुठल्या परिस्थितीत हवा, आणि हालचाल कधी करायची हे कोण ठरवते.

तपासा: तुमचे वाक्य वाचून दुसऱ्या शिक्षकाला सामन्यातला तो नेमका क्षण डोळ्यांपुढे आणता येतो का? येत नसेल तर परत लिहा.

## टप्पा २: चार प्रश्न विचारून वर्गीकरण करा

कारक कौशल्यांचे, म्हणजे मोटर स्किल्सचे वर्गीकरण बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, सगळ्यांनी पाठ केलेले असते. परीक्षेनंतर ते कपाटात जाते. ते मैदानावर कामाला लावायचे तर पुढचे चार प्रश्न पुरेत.

पहिला: भोवताल स्थिर आहे की बदलतो? स्थिर असेल तर कौशल्य बंदिस्त: गोळाफेक, लांब उडी, बास्केटबॉलचा फ्री थ्रो. बदलत असेल तर खुले: कबड्डीतली पकड, फुटबॉलमधला टॅकल, खो-खोमधले चकवणे. बंदिस्त कौशल्यात एकच हालचाल पुन्हा पुन्हा तशीच करता येणे महत्त्वाचे. खुल्यात काय घडते आहे ते वाचून हालचाल बदलता येणे महत्त्वाचे. सराव आखताना सर्वांत जास्त फरक याच प्रश्नाने पडतो.

दुसरा: सुरुवात कोणाच्या हातात? स्वतःच्या हातात असेल तर स्वगती, बाहेरच्याच्या हातात असेल तर परगती. व्हॉलीबॉलची सर्व्हिस शिट्टीनंतर आठ सेकंदांत करायची असते, पण त्या आठांतला क्षण खेळाडू निवडतो; म्हणून ती स्वगतीकडे झुकते. तीच सर्व्हिस घेणारा पूर्णपणे परगतीत असतो.

तिसरा: हालचालीला आरंभ आणि शेवट आहे का? एक फटका, एक झेल हे सुटे कौशल्य. धाव, टेक-ऑफ, हवेतली स्थिती आणि उतरणे अशी लांब उडी म्हणजे साखळी. पोहणे, सायकल, धावणे हे अखंड. कुठे थांबायचे ते आपण ठरवतो.

चौथा: काम मोठ्या स्नायूंचे की बोटांच्या बारकाव्याचे? उडी, धाव, गोळाफेक हे स्थूल. कॅरमची स्ट्रायकर, नेमबाजीतला ट्रिगर हे सूक्ष्म. शाळेतल्या बहुतेक खेळांत या प्रश्नाचे उत्तर उघड असते, त्यामुळे त्यावर डोके खाजवत बसू नका.

वर्गीकरण म्हणजे खण नव्हेत, पट्टी आहे. बॅडमिंटनची सर्व्हिस बंदिस्त म्हणून शिकवतात, पण समोरची मुलगी पुढे सरकून उभी असेल तर लांब आणि मागे असेल तर छोटी सर्व्हिस टाकायची असते. म्हणजे ती पट्टीच्या अगदी टोकाला नाही, थोडी आत आहे. पट्टीवर पेन्सिलीने खूण करा.

फुटबॉलची पेनल्टी घ्या. अकरा मीटरवरून मारणाऱ्याला चेंडू स्थिर, अंतर ठरलेले, शिट्टीनंतरचा क्षण स्वतःचा: बराचसा बंदिस्त आणि स्वगती. गोलकीपरला तीच घटना खुली आणि परगती. ताशी नव्वद किलोमीटरने मारलेला चेंडू अकरा मीटर अर्ध्या सेकंदाच्या आत पार करतो. चेंडू सुटल्यावर दिशा ठरवून ७.३२ मीटर रुंदीच्या गोलाचा कोपरा गाठायला एवढा वेळ अपुरा. म्हणून गोलकीपरचा सराव मारणाऱ्याचा टेकवलेला पाय आणि कंबर वाचण्याचा हवा. एकाच ड्रिलमध्ये दोघांना 'पेनल्टीचा सराव' दिला तर मारणाऱ्याचे काम भागते, गोलकीपर नुसता चेंडू आणून देतो.

नेहमीची चूक: खेळाचे वर्गीकरण करणे. 'क्रिकेट खुला खेळ' या वाक्याला अर्थ नाही. फलंदाजी खुली, गोलंदाजी बरीचशी बंदिस्त, झेल खुला. एका खेळात दहा पाने भरतील.

## टप्पा ३: मूल कुठल्या पायरीवर आहे ते पाहा

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलेल्या तीन पायऱ्या अजूनही मैदानावर उपयोगी पडतात. पहिलीवर मूल 'काय करायचे' याच्याशी झगडते; चुका मोठ्या आणि दर वेळी वेगळ्या. दुसरीवर चुका लहान होतात, कुठे चुकले ते मुलाला स्वतःला कळू लागते. तिसरीवर हालचाल आपोआप होते आणि डोके डावपेचांना मोकळे राहते.

पायरी ओळखायची सोपी चाचणी: हालचाल चालू असताना दुसरे काम द्या. चेंडू पायाने नेताना सतराचा पाढा म्हणायला लावा. पहिल्या पायरीवरचा पाढा सोडतो किंवा चेंडू सोडतो. कबड्डीत ही चाचणी खेळातच बसवलेली आहे. नवखा चढाईपटू पाय कुठे टाकायचा या विचारात पडला की त्याचा दम तुटतो. दम चालू ठेवून पाय-स्पर्श साधला, तर तो दुसरीच्या वरच्या अंगाला पोचला असे समजा.

वर्गात तिन्ही पायऱ्यांवरची मुले असतातच. सगळ्यांना एकच ड्रिल देण्यापेक्षा एकाच जागेत दोन गट करा.

आणखी एक पाहा: मूल आधी काय खेळत आले आहे? टेनिस बॉलवर वाढलेला मुलगा लेदर बॉलच्या नेट्समध्ये आला की चेंडूच्या रेषेत न येता आडवी बॅट फिरवतो, कारण टेनिस बॉलच्या आखूड स्पर्धांत त्याला त्याच फटक्याने धावा मिळाल्या. टेनिसकडून बॅडमिंटनला आलेल्या मुलीचे मनगट ताठ राहते. जुने कौशल्य नव्याला आडवे येते, याचा अर्थ मूल ढ आहे असा नव्हे. अशा मुलाला 'तसे करू नको' म्हणण्यापेक्षा जुन्या आणि नव्या हालचालीतला फरक एकदा शेजारी-शेजारी करून दाखवा.

## टप्पा ४: दाखवा आणि गप्प राहा

प्रात्यक्षिक आधी, स्पष्टीकरण नंतर, तेही एका वाक्यात. पहिल्या पायरीवरच्या मुलाला एका वेळी एकच सूचना पेलते. गुडघा, कंबर, खांदा, नजर अशी यादी ऐकवली तर ते यादी आठवत बसते आणि चेंडू निघून जातो.

कुठून दाखवता तेही महत्त्वाचे. सर्व्हिस समोरून दाखवली तर मुलांना हाताचा मार्ग दिसत नाही. बाजूने आणि मागून दाखवा. डावखुऱ्या मुलाला समोर उभे करा, त्याला तुम्ही आरशासारखे दिसाल. तुम्हाला स्वतःला नीट जमत नसेल तर जमणाऱ्या मुलीला पुढे बोलवा. धडपडत शिकणाऱ्या सोबत्याला पाहूनही मुले शिकतात, कारण त्यात चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसतात.

सूचना शरीराबद्दल देण्यापेक्षा परिणामाबद्दल द्या. गॅब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांनी हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे: लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवले तर शिकणे सहसा चांगले होते. 'घोटा कडक ठेव' ऐवजी 'चेंडू गवताला चिकटून जाऊ दे'. 'मनगट वळव' ऐवजी 'शटल जाळीच्या पट्टीला घासून जाऊ दे'. 'गुडघे वाकव' ऐवजी 'वाळूत आणखी पुढे खूण उमटव'.

तपासा: बोलणे संपल्यापासून पहिल्या मुलाचा पहिला प्रयत्न होईपर्यंत किती वेळ गेला? एक मिनिटाच्या वर गेला असेल तर तुम्ही भाषण दिलेत.

## टप्पा ५: अख्खे शिकवायचे की तुकडे करायचे

दोन गोष्टी तोलायच्या: कौशल्यात किती भाग आहेत, आणि ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत. भाग पुष्कळ पण सैल जोडलेले असतील तर तुकडे चालतात. भाग थोडे पण घट्ट गुंतलेले असतील तर अख्खेच शिकवा.

फ्रीस्टाइल पोहण्यात पाय, हात आणि श्वास बरेचसे वेगळे करता येतात. फळी धरून नुसते पाय, मग कडेला धरून श्वास, मग जोडणी. उलट, व्हॉलीबॉलच्या वरून मारायच्या सर्व्हिसमध्ये टॉस आणि फटका एकमेकांवर अवलंबून. नुसता टॉस करताना मूल चेंडू हवा तसा फेकते, आणि फटका जोडल्यावर तोच टॉस बदलतो. इथे तुकडे करण्याऐवजी सोपे करा: जवळून, हलका चेंडू, खाली जाळी, पण टॉस आणि फटका एकत्रच.

लांब उडी साखळी आहे, म्हणून चार भाग वेगळे करून शिकवावेत असे वाटते. धाव आणि टेक-ऑफ वेगळे केले की दुसऱ्याचा अर्थच जातो, कारण धावेतला वेगच टेक-ऑफला हवा असतो. आखूड धाव द्या, पाच-सात पावलांची, आणि तिच्यात टेक-ऑफसकट पूर्ण उडी करवून घ्या. धाव हळूहळू वाढवा. उतरण्याचा सराव मात्र वेगळा करता येतो.

सावध: तुकड्यांत शिकवलेले लवकर जोडा. तुकड्यांवर महिना काढलेल्या मुलांना तुकडे उत्तम येतात, एवढेच.

## टप्पा ६: सराव रचा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर.

सराव दोन प्रकारे रचता येतो. ठोक पद्धतीत एक गोष्ट वीस वेळा, मग दुसरी वीस वेळा. मिसळ पद्धतीत एक, मग दुसरी, मग तिसरी, परत पहिली, क्रम अवचित. ठोक सरावात मुले त्याच दिवशी चांगली दिसतात. मिसळ सरावात ती अडखळतात, पालक नाक मुरडतात, आपल्यालाही वाटते काही तरी बिघडले. पण काही दिवसांनी मोजले तर मिसळवाले पुढे असतात. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवले. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या छोट्या, लांब आणि ड्राइव्ह अशा तीन सर्व्हिस घेऊन तेच पाहिले: मिसळ सराव केलेल्या मुलींना नंतर जास्त आठवले, आणि सराव न केलेल्या बाजूच्या कोर्टातूनही त्यांची सर्व्हिस जास्त चांगली पडली.

कारण असे सांगतात: ठोक सरावात दुसऱ्या प्रयत्नापासून डोक्याला सुट्टी मिळते, पहिल्याचीच नक्कल चालू राहते. मिसळीत दर वेळी हालचाल नव्याने उभी करावी लागते. सामन्यातही तेच लागते.

मग ठोक सराव टाकून द्यायचा का? नाही. पहिल्या पायरीवरच्या मुलाला हालचालीचा अंदाज येईपर्यंत ठोकच द्या. अंदाज आला, म्हणजे साधारण निम्मे प्रयत्न बऱ्यापैकी जाऊ लागले, की मिसळ सुरू करा. हा आकडा माझा अनुभवाचा, कुठल्या ग्रंथातला नाही.

मिसळीचा धाकटा भाऊ म्हणजे बदलता सराव: कौशल्य तेच, अंतर-वेग-दिशा वेगळी. केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर फेकायला लावल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरून, आणि पुढे आला दुसरा गट, तीन फुटांवरून एकदाही सराव न केलेला. एखाद्या मुलाचा नेम बसत नसेल तर त्याचे अंतर बदला. त्याच अंतरावरून आणखी पन्नास फेका मारायला लावू नका.

खुल्या कौशल्यात बदल जास्त, बंदिस्त कौशल्यात कमी. फ्री थ्रोचे अंतर कधीच बदलत नाही, तिथे हालचाल पक्की करणे योग्य. पण एकाच वेळी वीस मारण्याऐवजी दोन-दोन मारा, मधे पळा, परत या. सामन्यात वीस सलग फ्री थ्रो कोणाला मिळतात?

### एक नमुना: पासचा पंचवीस मिनिटांचा सराव

सोळा मुले, दुसरी पायरी, पाच चेंडू, अर्धे मैदान.

१. पाच मिनिटे: तिघा-तिघांचे गट, एक गट चौघांचा. त्रिकोणात पास, अंतर दर काही पासांनंतर मुलांनीच बदलायचे. अंग गरम होणे यातच उरकते.

२. आठ मिनिटे: चार-चारांचे गट, तिघे पास देणारे आणि एक अडवणारा. पास कोणाला द्यायचा ते अडवणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. इथून कौशल्य खुले झाले. अडवणारा सुरुवातीला चालत, मग पळत.

३. दोन मिनिटे: पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात हे ऐच्छिक नाही.

४. दहा मिनिटे: आठ विरुद्ध आठ न खेळवता चार विरुद्ध चारचे दोन छोटे सामने. गोल फक्त जमिनीलगतच्या पासने मिळालेल्या चेंडूवरच ग्राह्य. या दहा मिनिटांत सूचना बंद.

पंचवीस मिनिटांत शंकू फक्त सीमारेषेला लागले.

विश्रांतीचे: अखंड आणि दमवणाऱ्या कौशल्यांत, तसेच लहान मुलांत, सराव छोट्या तुकड्यांत आणि मधे थांबून घ्या. शनिवारी सलग तीन तास कोंबण्यापेक्षा आठवड्यात चार वेळा पाऊण तास बरा. बारकाव्याचे नवे कौशल्य तासाच्या शेवटी, पाय जड झाल्यावर शिकवायला घेऊ नका.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असते आणि हॉल मिळेलच याची खात्री नाही. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर खडूने चौकोन आखून नेम, झेल, छोटी सर्व्हिस हे सगळे होते. खुली कौशल्ये मात्र भिंतीवर होत नाहीत, कारण भिंत चेंडू नेहमी अपेक्षित तसाच परत देते. त्यासाठी दोन मुले समोरासमोर आणि मधे तिसरे, एवढी जागा तरी काढाच. थोडा पाऊस असताना ओल्या चेंडूवर पास करू द्या. पावसाळ्यातला सामना ओल्याच चेंडूवर होणार आहे.

नेहमीची चूक: तालुका पातळीची स्पर्धा तोंडावर आली की घाबरून ठोक सरावाकडे वळणे. मुलांना दिलासा वाटतो, आपल्यालाही. तो दिलासा पहिल्या सामन्यापर्यंतच टिकतो.

## टप्पा ७: फीडबॅक मोजून द्या

फीडबॅक दोन तऱ्हेचा: परिणामाचा ('अर्धा मीटर डावीकडे गेला') आणि हालचालीचा ('टेकवलेला पाय चेंडूच्या मागे राहिला'). परिणाम मुलाला डोळ्यांनी दिसत असेल तर तो सांगण्यात तोंड दमवू नका. हालचालीबद्दल सांगा, एकच गोष्ट.

दर प्रयत्नानंतर सांगितले तर मूल सरावात सुधारते आणि तुम्ही नसताना कोसळते. लक्षण ओळखता येते. सर्व्हिस मारल्यावर ती मुलगी चेंडू कुठे पडला ते बघत नाही. हात अजून हवेत असतानाच मान तुमच्याकडे वळते, भुवया वर. तुमच्या चेहऱ्यावर तिला निकाल वाचायचा असतो. हे दिसले की दोन पावले मागे जा, तोंड फिरवा, आणि पुढच्या पाच सर्व्हिस झाल्यावर विचारा, 'सगळ्यांत चांगली कुठली गेली? का?'

पद्धत अशी ठेवा. पहिल्या पायरीवर दर दोन-तीन प्रयत्नांनी. दुसरीवर एक मर्यादा ठरवा: चूक तिच्या आत असेल तर गप्प, बाहेर गेली तरच बोला. मुलाला हा नियम आधी सांगा, म्हणजे तुमचे गप्प राहणे म्हणजे 'बरोबर' हे त्याला कळेल. तिसरीवर मुलाने विचारले तर. आणि बोलण्याआधी तीन-चार सेकंद थांबा. त्या वेळात मूल स्वतः तपासत असते.

पालकांनो, रेषेबाहेरून ओरडणे हाही फीडबॅकच असतो. 'मार, मार!' ऐकून मूल मारते, बघून नाही. मुलाला घरी न्यायला येता तेवढे पुरे.

## टप्पा ८: मध्ये खंड पडू द्या आणि मगच परीक्षा घ्या

सरावाच्या शेवटी घेतलेली परीक्षा त्या दिवसाची तयारी मोजते, शिकणे नव्हे. शिकणे मोजायचे तर मध्ये सरावाविना काही दिवस जायला हवेत. गोव्यात हा खंड कॅलेंडर देतेच: चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची सुट्टी. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधण्यात, आरत्यांत आणि पाहुण्यांत मुले मैदानाकडे फिरकत नाहीत. शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला, काही शिकवण्याआधी, पूर्वपरीक्षेचेच दहा प्रयत्न पुन्हा घ्या. हात सैल व्हायला दोन प्रयत्न आधी द्या, ते मोजू नका.

मग लगेच दुसरी परीक्षा: बदललेल्या परिस्थितीत तेच कौशल्य. अंतर वेगळे, मैदान वेगळे, अडवणारा नवा, किंवा दुसरा पाय. कौशल्य सरावाच्या चौकटीबाहेर किती जाते ते इथे दिसते.

आकडे हातात आले की वहीतले पान उघडा.

- दोन्ही परीक्षांत पूर्वपरीक्षेपेक्षा स्पष्ट वाढ: पुढचे कौशल्य घ्या, हे आठवड्यातून एकदा मिसळीत ठेवा.
- पहिलीत वाढ, बदललेल्या परिस्थितीत घसरण: सराव एकसुरी झाला. टप्पा ६ कडे जा, अंतरे आणि अडवणारे बदला.
- सुट्टीआधी छान, सुट्टीनंतर पूर्वपरीक्षेच्या जवळ: ठोक सराव किंवा अति फीडबॅक, बहुधा दोन्ही. मिसळ वाढवा, बोलणे निम्मे करा.
- दोन्हीत काहीच वाढ नाही: मुलाला दोष देण्याआधी टप्पा २ पाहा. खुले कौशल्य बंदिस्त म्हणून शिकवले गेले का? नसेल तर साहित्याचे माप तपासा.
- काही मुले वर, काही जिथल्या तिथे: पायरी चुकली. गट परत पाडा.

सुट्टीनंतर सगळ्यांचेच गुण थोडे घसरतात, त्याने घाबरू नका. तुलना पूर्वपरीक्षेशी करा, सुट्टीच्या आदल्या दिवसाशी नव्हे. आणि त्या दिवशी ज्या मुलाला ताप आहे किंवा जो रात्रभर भजनाला जागला आहे, त्याची परीक्षा दोन दिवसांनी घ्या.